अर्ज हाही उपचाराचाच भाग
ज्येष्ठांच्या निवृत्तिवेतनाचे कागद सुलभ कसे करावेत?

महिन्याला दीड हजार रुपये ही रक्कम काहींच्या घरी एका संध्याकाळच्या जेवणावर खर्च होते, तर काहींच्या घरी त्यावर महिनाभराची औषधे येतात. बदलापूरच्या शिरगावात दवाखाना चालवताना ही रक्कम मला नेहमी दुसऱ्या अर्थानेच वाचावी लागते. रक्तदाबाची एक गोळी, मधुमेहाच्या दोन, गुडघ्यांसाठी अधूनमधून लागणारे मलम आणि दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी. निवृत्तिवेतन खात्यात जमा झाले की हे सारे सुरळीत चालते. ते थांबले की सर्वांत आधी कात्री लागते ती गोळ्यांना. रोजची गोळी एक दिवसाआड होते, मग अर्धी होते. रुग्ण स्वतःहून हे सांगत नाही. रक्तदाबाचे यंत्र सांगते. खोदून विचारले की उत्तर मिळते, “पगार आला नाही दोन महिने.” आणखी विचारले की कळते, हयातीचा दाखला द्यायचा राहिला, किंवा पैसे तिसऱ्याच खात्यात जाऊन बसले.

वाचकहो, म्हणूनच या पाक्षिकात आज आहार किंवा व्यायाम यांऐवजी अर्जाविषयी लिहीत आहे. वृद्ध माणूस पात्रतेच्या अटीत जितका अडकतो, त्याहून अधिक तो अर्जाच्या वाटेत अडकतो, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. ही वाट त्याच्या थकलेल्या शरीराला झेपेल अशी कोणी आखलेलीच नाही. औषधासारखीच अर्जाचीही तयारी, वेळ आणि पाठपुरावा ठरवला, तर यातील बराचसा त्रास टळतो. हे काम अर्जदाराचे नसून आपले, म्हणजे त्याच्या घरच्यांचे, शेजाऱ्यांचे आणि डॉक्टरांचे आहे.

कोणता आधार कोणासाठी

आधी योजनांची थोडक्यात ओळख. १९८० मध्ये सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना ६५ वर्षांखालील निराधार व्यक्ती, विधवा, दिव्यांग आणि क्षयरोग, कर्करोग यांसारख्या दुर्धर आजारांच्या रुग्णांसाठी आहे. ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असेल, तर त्यातील काही भाग केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेतून येतो आणि उरलेला राज्य देते. जुलै २०२३ पासून ही रक्कम दरमहा १,५०० रुपये आहे. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये झाली. यादीत नाव नसल्यास कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये आहे. त्याशिवाय महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य हवे. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत जातो. आपल्याकडच्या, म्हणजे शिरगाव, कुळगाव, बदलापूर परिसरातल्या रहिवाशांसाठी ते तहसील कार्यालय अंबरनाथला आहे.

याखेरीज दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. खरेदीची पावती जपून ठेवावी लागते. आणि ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते. त्यावर कुटुंबातील सत्तरीपुढच्या व्यक्तींना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार होतात.

सही करायला हात का थांबतो

पहिली अडचण मनाची आहे. 'निराधार' हा शब्दच अनेकांना बोचतो. दोन मुलगे असलेली आई कितीही हलाखीत असली तरी त्या शब्दाखाली अंगठा उठवायला तयार होत नाही. “लोक काय म्हणतील? मुलांची अब्रू जाईल,” हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल, त्याला गणती नाही. आयुष्यभर कारखान्यात किंवा दुसऱ्याच्या शेतात राबलेला माणूस सरकारी खिडकीपुढे उभा राहताना स्वतःला याचक समजू लागतो.

अमेरिकेतील पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहान या अभ्यासकांनी २०१८ मध्ये 'प्रशासकीय भार' या विषयावर पुस्तक लिहिले. सरकारी लाभ घेताना नागरिकावर तीन प्रकारचे ओझे पडते, अशी त्यांची मांडणी आहे. योजना कोणती आणि ती कशी मिळवायची हे समजून घेण्याचे एक, कागद आणि खेपा यांचे दुसरे, आणि अपमान, धास्ती, ताण यांचे तिसरे. आपल्याकडे पहिल्या दोन ओझ्यांवर बोलले जाते. तिसऱ्याविषयी घरातसुद्धा कोणी बोलत नाही. म्हणून काळजीवाहकांना माझी पहिली विनंती अशी की, फॉर्म पुढे सरकवण्यापूर्वी दहा मिनिटे बसून बोला. हे निवृत्तिवेतन भीक नव्हे. रोजच्या खरेदीत ज्याने आयुष्यभर कर भरला, त्याचा तो हक्क आहे. आई-वडिलांच्या समोर “तुमच्यामुळे माझी रजा गेली” असे एकदा जरी तोंडातून निघाले, तरी पुढच्या वर्षी हयातीच्या दाखल्याची आठवण ते करून देणार नाहीत.

झिजलेले ठसे

दुसरी अडचण बोटांची. वय वाढते तशी त्वचा कोरडी आणि पातळ होते, तिचा ताण कमी होतो, आणि ठशांच्या रेषांची उंची घटते. वीटभट्टी, शेती, धुणीभांडी, सिमेंट यांत हयात गेलेल्यांचे ठसे तर पन्नाशीतच पुसट झालेले असतात. स्तन आणि आतड्यांच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या कॅपेसिटाबीन या औषधाने तळहात सोलवटून काही काळ ठसे नाहीसे होऊ शकतात. यंत्र “जुळत नाही” म्हणते, मागची रांग कुरकुरते, आणि आजी स्वतःलाच दोष देते.

यावर करता येण्यासारखे पुष्कळ आहे. ठसे द्यायचे असतील त्याआधी १०-१५ दिवस रात्री झोपताना बोटांना व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल चोळावे. त्या दिवशी मात्र हात कोमट पाण्याने व साबणाने धुऊन कोरडे करावेत. तेलकट बोट यंत्राला चालत नाही. भेगा, इसब किंवा बुरशीचा संसर्ग असेल तर आधी उपचार घ्यावा. मधुमेही व्यक्तीने साखर तपासताना बोटाच्या मध्यभागी टोचू नये, कडेला टोचावे. दुखतेही कमी आणि ठसाही शाबूत राहतो. एका बोटाने जमले नाही तर दहाही बोटांनी प्रयत्न करू देण्याचा आग्रह धरावा. तरीही जमले नाही, तर डोळ्याचे बुबुळ, चेहरा, मोबाइलवरचा ओटीपी किंवा आधारवरील क्यूआर संकेत यांनी ओळख पटवता येते. ठसे उमटत नाहीत म्हणून हक्काचा लाभ नाकारू नये, अशा सूचना आधार प्राधिकरणाने दिलेल्या आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बुबुळही जुळेनासे झाले, तर आधार केंद्रात जाऊन ठसे, बुबुळ आणि छायाचित्र नव्याने नोंदवून घ्यावे.

एकाच माणसाची तीन नावे

तिसरी अडचण कागदांची. शिधापत्रिकेवर 'सुमनबाई', आधारवर 'सुमन', बँकेत माहेरचे आडनाव. संगणकाच्या दृष्टीने या तीन वेगवेगळ्या बायका आहेत. जन्मतारखेचेही तसेच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली १ जून ही तारीख महाराष्ट्रात घरोघरी सापडते. आणि केवळ वर्ष सांगता आलेल्यांच्या आधारवर १ जानेवारी. दोन कागदांवर दोन वर्षे असतील तर ६५ कधी पूर्ण झाली, हाच वाद होतो.

म्हणून अर्ज करण्यापूर्वी सारे कागद एका ओळीत मांडून नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख ताडून पाहा. आधारवर नाव दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते; त्यामुळे घाईने दुरुस्ती करू नका. सर्वांत भक्कम पुरावा कोणता, हे आधी ठरवा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. वयासाठी जन्मनोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका किंवा मतदार यादीतील वय चालते. यांपैकी काहीच नसेल, तर ग्रामीण किंवा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वा त्यांच्याहून वरिष्ठ शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला ग्राह्य धरला जातो.

बँकेच्या बाबतीत एक नवी गुंतागुंत आहे. २०२४ च्या अखेरीपासून ही अनुदाने आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होऊ लागली. एका व्यक्तीची दोन-तीन खाती असतील तर पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असे नाही. ज्या खात्याची आधारशी जोडणी सर्वांत शेवटी झाली, तिकडे ते जातात. “पेन्शन बंद झाली” असे वाटण्यापूर्वी जुन्या जनधन खात्याचे पासबुक भरून पाहा. मोबाइल क्रमांकही तपासा. आधारला जोडलेला क्रमांक परगावी गेलेल्या जावयाचा असेल, तर प्रत्येक ओटीपीसाठी त्याला फोन करावा लागतो.

डॉक्टरांचा कोणता कागद चालतो

इथे बरेच जण फसतात. माझ्यासारख्या खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर दिव्यांगत्व किंवा दुर्धर आजार सिद्ध होत नाही. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा शासकीय रुग्णालयाचा दाखला लागतो. आपल्या भागात उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय हे राज्य शासनाचे मोठे रुग्णालय आहे. दिव्यांगत्वाची नोंदणी स्वावलंबन संकेतस्थळावर करून तपासणीची वेळ घ्यावी लागते, आणि लाभासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. दृष्टी, श्रवण आणि हालचाल यांबरोबर पार्किन्सनसारखे मेंदूचे जुनाट आजारही त्यांत येतात, हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. “आता म्हातारपणच आहे” म्हणून पक्षाघाताचा रुग्ण वर्षानुवर्षे दाखल्याविना राहतो.

मग फॅमिली डॉक्टरचा उपयोग काय? त्यांच्याकडून एका पानाचा गोषवारा मागून घ्या. आजार कोणता, केव्हापासून, कोणती शस्त्रक्रिया झाली, सध्या कोणती औषधे चालू आहेत, चालणे-ऐकणे-पाहणे कितपत जमते, एवढे त्यात असावे. तो दाखला नव्हे. पण तपासणाऱ्या डॉक्टरांना त्यातून दिशा मिळते आणि जुने कागद नाहीत म्हणून परत पाठवले जाण्याची शक्यता कमी होते. असा गोषवारा मागायला संकोच करू नका. ते आमचे काम आहे.

कार्यालयात जायचा दिवस

बदलापूरहून अंबरनाथ लोकलने एकच स्थानक. तरुणाला हे अंतर जाणवतही नाही. गुडघे धरलेल्या माणसाला मात्र पुलाच्या पायऱ्या, गाडीतली चढउतार आणि पुढची रिक्षा ही तीन संकटे असतात. शक्यतो गर्दीची वेळ टाळा आणि आदल्या दिवशी फोन करून किंवा कोणाला पाठवून संबंधित कर्मचारी जागेवर असतील का, याची खात्री करा. अनेक कामांना अर्जदाराची उपस्थिती लागतच नाही. ती लागते का, हे आधीच विचारा.

औषधांविषयी एक महत्त्वाची गोष्ट. स्वच्छतागृह मिळेल की नाही या भीतीने बरेच वृद्ध त्या दिवशी पाणी पीत नाहीत आणि लघवी वाढवणारी गोळी टाळतात. उन्हात, रांगेत, उपाशीपोटी हे धोक्याचे आहे. चक्कर येऊन पडण्याची आणि खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. गोळीची वेळ त्या दिवसापुरती कशी पुढे-मागे करावी, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. ती परस्पर बंद करू नका. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घेऊन उपाशी निघू नका. पिशवीत पाण्याची बाटली, दोन बिस्किटे, थोडी साखर, चष्मा आणि श्रवणयंत्राची जादा बॅटरी असू द्या. खिडकीवर ऐकू येत नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा आणि सूचना कागदावर लिहून मागा. अर्धवट ऐकलेल्या सूचनेपायी आणखी एक खेप पडते.

अजून एक वैद्यकीय निरीक्षण. आजवर बँकेची कामे लीलया करणारी व्यक्ती फॉर्म भरताना गोंधळू लागली, तोच कागद पुनःपुन्हा शोधू लागली, तर रागावू नका. ते विस्मरणाच्या आजाराचे पहिले लक्षण असू शकते. अर्ज बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे या.

घराबाहेर पडू न शकणाऱ्यांसाठी

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला खुर्चीत घालून बँकेत नेल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहतो. ती वेळ येऊ नये. नोव्हेंबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने ७० वर्षांवरील आणि दिव्यांग ग्राहकांना रोख रक्कम, हयातीचा दाखला यांसारख्या सेवा घरपोच द्याव्यात, असे बँकांना कळवले आहे. सही करता येत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो. त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. डॉक्टरांच्या पत्रासह शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या.

केंद्र सरकारचे आणि भविष्यनिर्वाह निधीचे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी जीवन प्रमाण ही डिजिटल हयातीच्या दाखल्याची सोय १० नोव्हेंबर २०१४ पासून आहे, आणि २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही तो देता येतो. पोस्टमनमार्फत घरी येऊनही हे काम होते. भविष्यनिर्वाह निधीचा दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि तेथून वर्षभर चालतो, म्हणून नोव्हेंबरच्या गर्दीत जाण्याचे कारण नाही. संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनांच्या लाभार्थ्यांची हयात-तपासणी मात्र तहसील कार्यालयाच्या सूचनेप्रमाणे होते. तिची तारीख विचारून कालनिर्णयावर लाल शाईने खूण करून ठेवा.

पोच घेतल्याशिवाय निघू नका

अर्ज दिल्यावर तारीख आणि क्रमांक असलेली पोच घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार उत्पन्नाचा दाखला, वय व अधिवास दाखला अशा अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक आहे. मुदत आणि शुल्क कार्यालयात फलकावर लावलेले असले पाहिजे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पोच नसेल तर यांतले काहीच करता येत नाही. नकार मिळालाच, तर तो लेखी आणि कारणासह मागा. २०१५ पासून राज्यात बहुतेक कामांसाठी स्वयंघोषणापत्र आणि स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती चालतात, तेव्हा “साहेबाची सही आणून देतो” म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका. ओटीपी तर कोणालाच सांगू नका. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४५६७ आहे.

घरात एक फाइल असावी

• आधार, शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र: प्रत्येकी तीन प्रती
• वयाचा, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा पुरावा. दाखल्याची मुदत कधी संपते, ते वर पेन्सिलीने लिहिलेले
• विधवा असल्यास पतीचा मृत्यूचा दाखला
• दिव्यांगत्व असल्यास त्याचा दाखला आणि डॉक्टरांचा गोषवारा
• आधार जोडलेल्या खात्याचे पासबुक
• चार छायाचित्रे आणि शाईचे पॅड
• सर्व अर्जांच्या पोचा, तारखेच्या क्रमाने
• पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत: कोणती योजना, कोणते खाते, हयातीच्या दाखल्याची तारीख, फाइल कोण सांभाळतो

सोपे करणे शक्य आहे

शेवटी एक तुलना. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. वयाचा पुरावा दाखवा आणि गाडीत बसा. वय वंदना कार्डालाही वय आणि आधार एवढेच पुरते. या दोन्ही सवलतींत वृद्धाला आपली गरिबी सिद्ध करावी लागत नाही. याउलट महिना १,७५० रुपयांच्या आत अख्खे कुटुंब जगते, हे कागदावर दाखवण्यासाठी त्याला कितीतरी खिडक्या पालथ्या घालाव्या लागतात. अटी जितक्या अधिक, तितकी अर्जाची पाने अधिक, आणि तितकेच थकून मागे फिरणारे अधिक. उत्पन्नाची ही मर्यादा वाढवणे, तलाठ्यांनी पंचाहत्तरीपुढच्यांच्या घरी जाणे, एकदा दिलेला कागद दुसऱ्या शाखेने पुन्हा न मागणे, खिडकीसमोर चार खुर्च्या असणे, हे सारे शासनाच्या हातात आहे आणि ते आपण मागत राहिले पाहिजे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू या. या रविवारी आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका ज्येष्ठ व्यक्तीचे कागद मांडून बसा. नावे जुळतात का पाहा, पासबुक भरून आणा, तारीख लिहून ठेवा. पुढच्या वेळी मी त्यांचा रक्तदाब मोजेन, तेव्हा त्याचा परिणाम मला दिसेल.